तीन दिवसांची सारखी वाटणी

माझी लेक पुण्यात उपग्रहाच्या चित्रांवरून पाऊस ओळखायला कॉम्प्युटरला शिकवते. खरा पाऊस किती पडला हे त्याला कळावं म्हणून तिनं आमच्या अंगणात पर्जन्यमापक बसवला आणि रोज सकाळी आकडा वहीत लिहून कळवायचं काम मला दिलं.

श्रावणात मी तीन दिवस मेहुण्याकडं जवळा बाजार गावी राहिलो. परत आलो तर मापकात छत्तीस मिलिमीटर पाणी. भावाभावांत वावर वाटावं तसं मी ते तिन्ही दिवसांना बारा-बारा वाटलं, तसं तिला कळवलं आणि न्याय केल्याच्या समाधानात जेवलो.

आठवड्यानं तिचा फोन आला. "बाबा, त्यातले दोन दिवस आपल्याकडं ढगच नव्हते. माझं मशीन काहून चुकून राहिलं, तेच कळंना."

मी म्हटलं, "मशीन बराबर हाय. बाप चुकला." आणि सगळं सांगितलं.

तिनं लगेच विचारलं, "असं आणखी कितीदा वाटलंत? सोमवारी सरांना दाखवायचंय."

"एखाद्या वेळेस," मी म्हणालो.

"वही बघून सांगा," बायको आतून म्हणाली.

वही उघडली. आठ-आठ, पाच-पाच असे जुळे आकडे पानापानावर बसले होते, आणि लेक फोनवर थांबून होती.