कोऱ्या रजिस्टरची चौकी

पडदा वर जातो तेव्हा समोर एकच खोली. डावीकडे टेबल, त्यावर गुन्ह्यांचं जाडजूड रजिस्टर. उजवीकडे कोठडी, तिच्या गजांवर हवालदारांचा गणवेश वाळतो आहे, कारण आत कोंडायला कोणी नाही. मागच्या दाराआड दोन खोल्यांचा, सव्वीस वर्षांचा संसार.

गावात वस्तू हरवत नसत असं नव्हे. पण तक्रार घेऊन कोणी आलं, की हवालदार आधी पाणी देत आणि म्हणत, "घरी जाऊन माळा बघा, पलंगाखाली बघा, मग मेहुण्याकडे विचारा. तरी नाही मिळालं तर लिहू." बहुतेक वस्तू माळ्यावर सापडत, उरलेल्या मेहुण्याकडे. तीन वर्षं रजिस्टरला शाई लागली नव्हती.

या कोरेपणानंच घात केला. वरून पत्र आलं: गुन्हे नाहीत, सबब चौकी बंद; हवालदारांनी शहरात हजर व्हावं. निवृत्तीला राहिले होते चौदा महिने. मंगळवारी साहेब शेवटची पाहणी करायला येणार होते.

बातमी बायकोनं पिठाच्या गिरणीत सांगितली आणि गाव कामाला लागलं. दुसऱ्याच दिवशी शिंपी धापा टाकत आला. "हवालदारसाहेब, माझी कात्री चोरीला गेली हो."

"आणि ही खिशातून डोकावतेय ती?"

शिंप्यानं खिसा चाचपला. "ही दुसरी."

"मग पहिली माळ्यावर बघ."

पाठोपाठ न्हावी आणि किराणावाला चौकीसमोर मारामारी करायला आले. "आधी तू मार," "नको, तुझी पाठ धरलीय," यातच अर्धा तास गेला. हवालदारांनी दोघांना चहा पाजून वाटेला लावलं.

"अहो, एखादा तरी लिहा," बायको म्हणाली. "माणसं जीव तोडून गुन्हे करताहेत."

"घडला तर लिहीन. खोटा नाही लिहिणार."

मंगळवारी साहेब आले. टोपी खुर्चीवर ठेवून त्यांनी रजिस्टर चाळलं, कोठडीत डोकावून आले, आणि बघतात तर टोपी गायब.

"पोलीस चौकीतून पोलिसाची टोपी?" साहेब लालबुंद झाले.

"साहेब, माळ्यावर..." हवालदारांनी जीभ चावली. तेवढ्यात त्यांना दिसलं, मागच्या दाराची कडी अजून हलत होती.

आत बायको पिठाच्या डब्यावर बसली होती.

"ऊठ."

"गुडघा दुखतोय."

"सव्वीस वर्षांत तू भर दुपारी कधी टेकली नाहीस. ऊठ."

झाकण उघडलं. टोपी पिठात गळ्यापर्यंत बुडालेली.

हवालदारांनी टोपी आणि बायको दोघांना साहेबांसमोर उभं केलं. साहेबांनी टोपी झटकली, सडकून शिंकले आणि हसत सुटले. "जाऊ द्या हो. वहिनींनी गंमत केली."

"गंमत कसली? चोरीच केली," ती म्हणाली. "लिहून घ्या."

हवालदारांनी रजिस्टर ओढलं. पेन वाळलेलं; दोनदा झटकावं लागलं.

"अहो, स्वतःच्या बायकोवर गुन्हा?" साहेब म्हणाले. "आणि हा निकाली निघेपर्यंत मला चौकी बंद करता यायची नाही, कळतंय ना?"

हवालदारांनी खाली मान घालूनच तारीख टाकली. बायको मात्र हातावरचं पीठ झटकून, फोटोला बसावं तशी ताठ बसली.

"नाव आम्हाला माहीत आहे," हवालदार म्हणाले. "वय तेवढं खरं सांगा. सरकारी कागद आहे."