काका आणि त्यांचं आम्ल

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका एका आम्लावर जीव असलेला, आणि त्याच आम्लाला इतका भिऊन राहणारा माणूस सबंध कोलकात्यात दुसरा सापडणार नाही. आम्लाचं नाव ॲरॅकिडॉनिक. माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, तरी हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते मराठीत, बेहालाच्या आमच्या इमारतीच्या जिन्यात, हातात दुधाची पिशवी असताना. काका बजबजच्या एका तेल डेपोत रसायनतज्ज्ञ होते. निवृत्त झाले, काकू गेल्या, मुलगी पुण्याला. मग जमिनीतलं तेल सोडून ते शरीरातल्या स्निग्ध पदार्थांकडे वळले. "अगं, तुझ्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत ते मुकाट बसलेलं असतं. लागलं, जंतू शिरले, की सुटतं. मग सूज, ताप, ठणका. लोक शिव्या देतात. पण ते नसतं तर तुझा मेंदू धड घडला नसता, आणि कापलेलं बोट वाहतच राहिलं असतं." त्या दिवशी दूध तापायच्या आधीच नासलं.

तळमजल्यावरच्या बोउदींचा, म्हणजे बंगाली वहिनींचा, गुडघा, बाबांचा ताप, समोरच्या मुलाचा फुटबॉलमध्ये मुरगळलेला घोटा, सगळ्याचं मूळ काकांना त्या आम्लात दिसे. इमारतीत त्यांना ॲसिडदा म्हणत. या शहरात ॲसिड म्हणजे पोटाचीच तक्रार, त्यामुळे बोउदी अधूनमधून वाटीभर ओवा वर पाठवत. "दादा, रात्रे एकटू जोआन खाबेन." काका ओवा ठेवून घेत आणि पुन्हा पेशीच्या भिंतीपासून सुरुवात करत.

भीती मात्र खरी होती. त्यांना दमा होता, नाकात पॉलिप, म्हणजे मांसाचे कोंब, होते, आणि ॲस्पिरिनच्या जातीची कुठलीही वेदनाशामक गोळी पोटात गेली की श्वास कोंडे. का, ते त्यांनी मला सियालदह स्टेशनवरून समजावलं होतं. "सकाळची गर्दी म्हणजे आम्ल. बाहेर पडायला दोन गेटं. एकातून गेलं की सूज आणि दुखणं, दुसऱ्यातून गेलं की श्वासनळ्या आवळतात. ॲस्पिरिन पहिलं गेट बंद करतं. बहुतेकांचं त्यावर भागतं. माझ्यासारख्याच्या बाबतीत सगळी गर्दी दुसऱ्या गेटावर लोटते." एवढं बोलून ते गळ्यावर हात ठेवून थांबत, आणि जिन्यात उगाचच मलाही हवा कमी पडल्यासारखं होई.

पॉलिपनी त्यांची वास घेण्याची शक्तीच नेली होती, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. डाळ आंबली का, गॅस सुटतोय का, हे मी वर जाऊन सांगायचं. थंडीत सगळं बेहाला माकडटोपी घालून सांध्यांना मलम चोळतं. त्या मलमातही ॲस्पिरिनचं एक भावंड असतं म्हणून काका लिफ्टचं दार धरून उभे राहत. "बघ गं, कुणी मलमवाला आहे का आत." ऑटोवाल्याला थांबवण्यासाठीसुद्धा जी आधीपासून मनात वाक्य जुळवते, ती मी लिफ्टमध्ये डोकं घालून अनोळखी लोकांचा वास घेत असे.

"एवढी भीती वाटते तर चिठ्ठी लिहून खिशात ठेवा ना, भावजी," आई म्हणायची.

"वहिनी, अख्ख्या बेहालाला तोंडपाठ आहे. लिहायचं कशाला?"

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा लग्नासाठी सांगलीला गेले होते. दुपारी दार उघडलं तर काका आमच्या पायरीवर बसलेले, शर्ट घामानं चिंब, हात छातीवर. त्यांनी काहीच समजावून सांगितलं नाही. मी घाबरले ती त्यामुळे.

टॅक्सीनं जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. तरुण डॉक्टरनं ईसीजीचा कागद पाहिला आणि ॲस्पिरिन चावायला द्यायला सांगितलं. सिस्टरनं ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून तोंड उघडायला सांगितलं. "मेशोमोशाई, हाँ कोरून." काका मान हलवत होते, बोलायला श्वास नव्हता. घाबरलेला पेशंट म्हणून तिनं त्यांची हनुवटी धरली. त्यांचे डोळे माझ्यावर आले.

मी "नहीं" म्हटलं. कुणाला ऐकू गेलं नाही. मग मी गोळी आणि त्यांचं तोंड यांच्यामध्ये हात घातला.

"मैडम, हार्ट अटैक है. ये गोली सबसे पहले जाता है," डॉक्टर म्हणाला.

"इनको दमा है. इससे साँस बंद होती है."

"एलर्जी सब लोग बोलता है. गैस होता है, उसको भी एलर्जी बोलता है. हाथ हटाइए."

त्याचंही बरोबर होतं. आत रक्ताची गुठळी वाढत असणार, आणि मी चुकत असले तर औषध अडवणारी मीच. हात मी काढला नाही. हिंदी, इंग्रजी, जे येईल त्यात मी बोलत सुटले. नाकातले पॉलिप, गेलेला वास, काकू असताना एका गोळीनं झालेली दवाखान्याची वारी, शेवटी सियालदहची दोन गेटंसुद्धा. पॉलिप म्हटल्यावर तो थबकला. त्यानं काकांकडे पाहिलं. काकांनी हो म्हणून डोळे मिटले.

"सिस्टर, वो रहने दो." गुठळी रोखणारं, पण त्या गेटाच्या वाटेला न जाणारं दुसरं औषध त्यानं मागवलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "पहले बोलना था ना."

त्यांना आत नेल्यावर मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. जिन्यातलं ते सगळं शिकवणं नव्हतंच, असं तेव्हा वाटलं. एकटा राहणारा माणूस भेटेल त्याच्याकडे आपला जीव थोडाथोडा ठेवायला देत होता. आणि थांबून ऐकणारी बहुतेक मीच असायची, कारण मधूनच निघून कसं जायचं ते मला कधी सुचलं नाही.

वॉर्डात भेटायला गेले तेव्हा पुण्याहून मुलगी आली होती. ती फोनवर बोलायला बाहेर गेली.

"गेटाचं ठीक सांगितलंस," काका हळू आवाजात म्हणाले. "त्या गेटाच्या एन्झाइमचं नाव मात्र खाल्लंस."

"आठवलं नाही."

"असू दे." मग त्यांनी उशी सरकवून माझ्याकडे तोंड केलं. "तू नोकरी करतेस ना गं? काय करतेस तिथे?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मी अडखळत सांगायला लागले, कुठल्या ऑफिसात जाते, दिवसभर कुणाशी काय बोलते आणि काय बोलायचं राहून जातं. काका मधे एकदाही बोलले नाहीत. दाराबाहेर त्यांची मुलगी पुण्याला सामान हलवणाऱ्यांना फोनवर बेहालाचा पत्ता देत होती, वरचा मजला, लिफ्ट आहे. मी आवाज जरा वाढवला आणि सांगत राहिले.