सायकलला बांधलेली पिशवी

मंडळी, आज पहाटे नातू सायकलला पिशव्या बांधून एकटाच जामखेडकडे निघाला आणि मला बहात्तर सालची थंडी आठवली.

मी आणि एक मित्र असेच नगरहून निघालो होतो. बोटं बधिर झाली म्हणून एका गावात शेकायला थांबलो, तर दारं पटापट लागली. सायकल अन् पिशवी दिसली की देवीची लस टोचणारे आले, असा तिथे समज.

एका आजीने आमची पिशवी उपसून पाहिली. "सुई न्हाई ना?"

"न्हाई आजी, भाकरी अन् घोंगडी हाय."

मग तिने चुलीपुढे बसवलं, चहा दिला. वाटलं, संशय फिटला.

निघताना सायकलवर टांग मारली, तेव्हा मागून तिचा आवाज आला, "ये गं भाईर, गेले ते." धान्याच्या कणगीआडून तिची नात निघाली.

आज माझ्या नातवाला कोण दार उघडेल? तुम्ही उघडाल?