बाबांनी तेल घातलेला मायक्रोस्कोप

माझी मान गेली ती मायक्रोस्कोपमुळे. परळच्या एका लहानशा लॅबमध्ये वीस वर्षं मी स्लाइडवर मलेरिया शोधत आले आणि शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी मान खाली घालून बसायला बंदी केली. लॅबचे मालक डॉक्टर भले गृहस्थ. दोन महिन्यांनी तुम्ही काउंटर सांभाळा, असं त्यांनी गोड शब्दांत सांगितलं. दिवसभर बाटल्यांवर लेबलं चिकटवायची, या विचारानेच माझं डोकं फिरलं. मला माझं काम आवडतं आणि मी त्यात चांगली आहे. हे सांगायला लाज कसली?

म्हणून मी स्वतःच यंत्र बांधायला घेतलं. स्लाइड पडद्यावर दिसली की मान ताठ ठेवून काम होईल, एवढा साधा विचार. लॅमिंग्टन रोडवरून पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर, कॅमेरा, लेन्स, तीन चिमुकल्या मोटारी आणि त्या फिरवणारं कंट्रोलर बोर्ड आणलं. सांगाडा थ्रीडी प्रिंटरवर प्लॅस्टिकमध्ये छापून घेतला. प्रत्येक भाग सुटा, बिघडला तर तेवढाच बदलायचा. व्हिडिओ बघून प्रोग्राम लिहायला शिकले. लालबागच्या आमच्या खोलीतलं जेवणाचं टेबल यंत्राने बळकावलं आणि आम्ही बापलेक खाली बसून जेवू लागलो.

सगळं जमलं, पण फोकस काही जमेना. एकदा पेशी लख्ख दिसायच्या; फोकसची मोटार पुढे जाऊन परत पडद्यावरच्या त्याच आकड्यावर आली की सगळं धूसर. प्रोग्राम दहादा तपासला. दोन महिन्यांची मुदत संपायला चार दिवस उरले.

त्या सकाळी उठून बघते तर स्लाइडवर तेल, लेन्सवर तेल. बाबा गिरणीत फिटर होते. मशीन सुरू करण्याआधी तिला तेल द्यायचं आणि हात जोडायचे, हा त्यांचा नेम. गिरणी बंद होऊन जमाना झाला, तरी नेम सुटलेला नाही. आमचा पंखा, शिलाई मशीन, शेजाऱ्यांची सायकल, कुणाचीच त्यातून सुटका नाही. मी नको नको ते बोलले. हा काही तुमचा माग नाही, म्हणाले. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मी तणतणत लेन्स पुसत बसले. थोड्या वेळाने ते आत आले आणि फोकसच्या स्क्रूकडे बोट दाखवलं. तेल घालताना त्यांनी तो हाताने फिरवून पाहिला होता.

"प्ले आसा त्या स्क्रूत," ते म्हणाले. "दरवेळी एकाच बाजून ये गो."

म्हणजे स्क्रू आणि नट यांच्यात किंचित सैलपणा होता. वरून आलं की एक जागा, खालून आलं की दुसरी. आकडा मात्र तोच. मी प्रोग्राममध्ये दोन ओळी वाढवल्या. मोटारीने आधी थोडं जास्त खाली उतरायचं, मगच वर यायचं. पन्नासदा चालवून पाहिलं, पन्नासही वेळा पेशी लख्ख. मला फार शरम वाटली. माफी म्हणून चहा करून त्यांच्या हातात दिला.

शनिवारी यंत्र लॅबमध्ये नेलं. डॉक्टरांनी स्वतः तपासून ठेवलेल्या काही स्लाइड मला पारखायला दिल्या. पाठ ताठ ठेवून मी एकेक चित्र बघत गेले. सातव्या स्लाइडवर एका तांबड्या पेशीत बारीकशी अंगठी दिसली, मलेरियाची. मी पडदा त्यांच्याकडे वळवला. ती स्लाइड त्यांनी निगेटिव्ह म्हणून बाजूला ठेवली होती. नशिबाने रिपोर्ट अजून गेला नव्हता. त्यांनी आपल्या मायक्रोस्कोपखाली ती पुन्हा घातली आणि बराच वेळ मान वर केली नाही.

मग रिपोर्ट बदलून त्यांनी पेशंटच्या घरी स्वतः फोन केला. परत आले ते त्या दिवशीच्या स्लाइडचा अख्खा ट्रे घेऊन. तो माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, काउंटरला दुसरं कुणीतरी बघावं लागेल.