शाळेतला मुक्काम

ईट गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायचं काम दैवशालाकडं होतं. कोरोनाच्या पहिल्या साली शाळेला कुलूप लागलं आणि तिची चूलही गार पडली.

भर उन्हाळ्यात पुण्याहून निकिता, तिचा नवरा कुलदीप आणि त्यांची लहानगी पोर गावात आली. अर्धी वाट टेम्पोत, अर्धी पायी. वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या. कुलदीपच्या सख्ख्या भावानंही दार उघडलं नाही. त्याच्या घरात तान्हं बाळ होतं. त्याचं भय काही खोटं नव्हतं. शेवटी सरपंच हिंमतरावांनी तिघांना शाळेत ठेवलं. पण त्यांना रांधून घालणार कोण?

“पोरांना घालते तसं यांनाबी घालीन की,” दैवशाला बोलून गेली.

बोलून गेली खरी, पण घरी आली ती काळजी घेऊनच. तिच्या नवऱ्याला, मल्हारला, जुना दमा होता.

“आवं, म्या तिथनं रोग घरात आणला तर?”

मल्हार शेळ्यांना पाला टाकत होता. हातातला पाला टाकून म्हणाला, “मग घरी येऊच नको. तिथंच ऱ्हा. माझी भाकर म्या करीन.”

“तुमी? पीठ तरी मळता येतंय व्हय?”

“न्हाय येत. शिकीन.”

वाकळ काखेत मारून ती शाळेच्या स्वयंपाकखोलीत राहायला गेली. ताटं वऱ्हांड्यात ठेवायची आणि मागं सरायचं. मल्हार रोज सकाळी कुंपणाच्या भिंतीपाशी येऊन उभा राहायचा. एकदा त्यानं फडक्यात बांधलेली भाकरी भिंतीवर ठेवली आणि लांब जाऊन थांबला. भाकरी कडेला करपलेली, मधी कच्ची.

“कशी झालीय?”

“लई ग्वाड,” म्हणत दैवशालानं ती उभ्या उभ्याच संपवली.

मग निकिताला ताप भरला. रुग्णवाहिका तिला घेऊन गेली आणि पोरीनं आकांत मांडला. कुलदीपला ती आवरेना. दैवशाला लांबूनच तिला कोल्ह्याच्या गोष्टी सांगायची. पोर हुंदके देत ऐकायची. दैवशालाचे हात आपसूक पुढं जायचे, तशी ती ते पदरात गुंडाळून घ्यायची.

निकिता बरी होऊन आली. शाळेतला मुक्काम संपला, पण गल्ली काही दिवस दैवशालाला टाळतच राहिली. शेजारच्या कडूबाईंनी तर नळावर तोंडावरच सांगितलं, “सगळ्यांचं झाल्यावर भर गं तू.” घरी आल्यावर ती खूप रडली. मल्हार नुसता शेजारी बसून राहिला.

पुढच्या वर्षी दुसरी लाट आली. कडूबाईंचे मालक आण्णासाहेब दवाखान्यात गेले ते परतलेच नाहीत. कडूबाई घरात एकट्या कोंडलेल्या. दारात कुणी फिरकेना. दैवशालानं पिठलं-भाकरी त्यांच्या ओट्यावर ठेवली आणि गल्लीच्या पलीकडच्या कडेला जाऊन बसली. नळावरच्या त्या बोलण्याचा विषय दोघींपैकी कुणीच काढला नाही.

कडूबाईंनी घास उचलला, तसाच खाली ठेवला.

“ह्यांच्या तोंडात घोटभर पाणीबी घालता आलं न्हाय गं मला.”

“जेवा, काकू,” दैवशाला हळूच म्हणाली. “म्या हाय इथं.”

कडूबाईंचं ताट रिकामं होईस्तोवर ती तिथून हलली नाही.