वसुधाताईंनी निवडलेली भाषा

वसुधाताई तुमच्या प्रश्नाचं उत्तर लगेच कधीच द्यायच्या नाहीत. आधी पावाच्या कागदी पिशवीवर गोल काढायच्या, गोलांमध्ये बाण, आणि मग म्हणायच्या, "हं, आता नक्की काय विचारायचंय ते बोटाने दाखव."

मला याचा संताप यायचा. जर्मनीत, हॅनोव्हरमधल्या आमच्या गल्लीत घरं सोडायच्या नोटिसा येत होत्या. प्रत्येक इमारतीची मालक वेगळी कंपनी, तिची मालक आणखी तिसरीच. ज्याला घर सोडायचंय त्यालाच घर कोणाचं हे कळू नये, ही कसली कायदेशीर लबाडी! मी पत्रकं छापत होते. ताई मूळ पुण्याच्या, इथे सॉफ्टवेअर कंपनीत. शनिवारी येऊन या कंपन्यांची नाती त्या क्लाउडवरच्या ग्राफ डेटाबेसमध्ये, म्हणजे गोल आणि बाणांच्या जाळ्यात, भरायच्या.

गाडी अडली भाषेवर. अशा डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषा अनेक. ग्रेमलिन ताईंच्या हातातली, आणि आमची क्लाउड सेवा तीच समजायची. तिच्यात यंत्राला चाल सांगावी लागते: इथून निघ, या बाणाने जा, पुन्हा तसंच कर. सायफर या दुसऱ्या भाषेत हव्या त्या नात्याचं चित्रच टाइप करायचं. कंस म्हणजे गोल, मध्ये बाण. पण त्यासाठी सेवा बदलून सगळं नव्याने भरावं लागणार होतं.

"ताई, या नोटिसांवरची महापालिकेची बैठक तोंडावर आलीय! तुम्हाला ग्रेमलिन येतं ना? मग लिहा की!"

"मला येतं गं. क्रूगरबाईंचं काय?"

क्रूगरबाई तिसऱ्या मजल्यावरच्या, नोटीस मिळालेल्या. ताईंनी एकच प्रश्न दोन्ही भाषांत छापून त्यांच्यापुढे ठेवला. पहिला, ग्रेमलिनचा कागद बाईंनी सरळ बाजूला सारला. दुसऱ्यावर बोट फिरवत म्हणाल्या, "आल्झो, म्हणजे हे घर, ही त्याची कंपनी, हा कंपनीचा मालक. पण मालकाचा मालक?"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" ताईंनी टेबलावर थाप मारली. वर कितीही पायऱ्या चढत जा, हे सांगणारी खूण ताई स्वतःच विसरल्या होत्या. "ज्या भाषेत माझी चूक दुसऱ्याला दिसते, ती घ्यायची. ठरलं."

सगळं पुन्हा भरलं. तेवढ्यात ताईंच्या नवऱ्याची बदली दूर दक्षिणेला, झिंडेलफिंगेनला झाली. निघताना म्हणाल्या, "डेटाबेसमधलं माझं खातं काढून टाक."

मी भडकले. "म्हणजे ऐन वेळी हात वर?"

"मी आत असले की तुम्ही मलाच विचारत बसाल. घरांचा मालक शोधताय आणि प्रश्नांची मालकी माझ्याकडे देताय? जमणार नाही."

बैठकीच्या आदल्या दिवशी क्रूगरबाईंनी एका बोटाने प्रश्न टाइप केला. पडद्यावर गल्लीतल्या सगळ्या घरांचे बाण वर वर चढत एकाच गोलात जाऊन थांबले. बाईंनी ते नाव मोठ्याने वाचलं. ताईंना कळवायला मी फोन उचलला, तर तो क्रूगरबाईंनी माझ्या हातातून काढून घेतला.

"थांब," पुन्हा कीबोर्डकडे वळत त्या म्हणाल्या, "मला अजून एक विचारायचंय."