करियाची गुरगुर

पट्टा आणला तोच चुकला. मेव्हणा फोनवर म्हणाला होता, "दाजी, एक पिल्लू देतो." मी हौसेनं लाल पट्टा आणला, घुंगरू लावलेला. आणि मैंदर्गीहून टेम्पोतून उतरलं ते दीड वर्षाचं, वासराएवढं काळंभोर धूड! पट्टा त्याच्या पायाला जेमतेम बसला असता. हे मी लग्नकार्यात हसत हसत सांगतो, लोकही हसतात. पुढचं मात्र—पुढचं कुणालाच सांगितलेलं नाही. सुनंदाला, माझ्या बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय.

त्याचं नाव करिया. कानडीत काळ्या. मेव्हण्यानं जाताना आम्हा दोघांना एकच बजावलं, "खाताना लई गुरगुरतंय. चावत न्हाय. गुरगुरलं की आपण मागं सरायचं, बास."

मागं सरायचं? भवानी पेठेत टॉवेल-चादरीचं दुकान चालवणारा मी—गिऱ्हाइकापुढं, बायकोपुढं, अगदी पंखा दुरुस्त करणाऱ्यापुढंही मागंच सरत आलेला. निदान कुत्र्यापुढं तरी नको, असं वाटलं असेल का? मोबाइलवर एक जण कुत्र्याच्या ताटलीत खुशाल हात घालतो आणि कुत्रं शेपूट हलवतं. म्हटलं, आपल्यालाही जमेल.

दुपारी शटर अर्धं ओढून मी करियाला मागच्या गोदामात न्यायचो. दुधातली भाकरी पुढं ठेवायची, दोन घास होऊ द्यायचे, की ताटली ओढायची. तो गुरगुरला की—कसं सांगू—चप्पल. नाकावर. शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटात वर घरात काही ऐकू जात नसे. ते ठाऊक होतं, म्हणूनच गोदाम निवडलं होतं ना मी?

हळूहळू गुरगुर थांबली. ताटली ओढली तरी आवाज नाही. अंग तेवढं आखडायचं, डोळ्यांच्या कडा पांढऱ्या दिसायच्या, वरचा ओठ जरासा थरथरायचा. मला वाटलं, शहाणा झाला. पेठभर सांगत सुटलो, "वळण लावायलासुद्धा अंगात काहीतरी असावं लागतं!"

एका रविवारी शेजारचं जोडपं चहाला आलं. करिया कोपऱ्यात खात होता. मी सुनंदाला म्हटलं, "घाल बघू हात त्याच्या ताटलीत. दाखव यांना."

"खाऊ दे की हो त्याला."

"अगं, घाबरतेस काय? आवाज तरी काढतोय का बघ!"

ती वाकली. क्षणभर थांबून तिनं कान दिला. करिया गप्प होता. तिनं हात घातला.

आवाज झाला तो तिचा.

टाके पडले, इंजेक्शनं झाली. अंगठा अजून पुरता मिटत नाही. थापलेली भाकरी एका कडेला जाड राहते. ती कड मी न बोलता खातो.

मेव्हणा टेम्पो घेऊन आला. करियापुढं उकिडवा बसला, त्याचे कान चोळत राहिला. मग माझ्याकडं न बघताच म्हणाला, "गुरगुरलं न्हाई व्हय, दाजी?"

"नाही," मी म्हटलं. "एकदम चावला."

खोटं बोललो का? शब्द तर खरा होता. तेवढाच खरा होता.

"मग शेतावर पण नको आता. पोरं असत्यात तितं. न सांगता चावणारं कुत्रं—" साखळी लावून त्यानं करियाला टेम्पोत चढवलं. तो मुकाट चढला. तेव्हा मी सांगू शकलो असतो. तोंड उघडलंही होतं—"पाणी पिऊन जा," एवढंच बाहेर पडलं. करियाचं पुढं काय झालं, मी विचारलं नाही. मेव्हणा अजून येतो, जेवतो. करियाचं नाव काढत नाही.

टेम्पो कोपऱ्यावर वळला. सुनंदा बँडेजचा हात छातीशी धरून दारात उभी होती.

"नुसता गुरगुरला असता ना," ती म्हणाली, "तर तुम्ही कितीही म्हणाला असता, तरी मी हात घातला नसता."